रांजणातला नवरदेव

“कुदळ खाली ठेवा! नाहीतर आधी माझ्या डोक्यात घाला आणि मग रांजणात घाला!”

मास्तर ओरडत होते ते रांजणाला मिठी मारून. परसातला शेवगा, त्याच्या बुडाशी अर्धा जमिनीत पुरलेला कानफुटका रांजण, रांजणात गळ्यापर्यंत वाळकी माती, आणि त्या रांजणाला दोन्ही हातांनी कवटाळून बसलेले आमच्या शाळेचे ड्रॉइंग मास्तर. समोर कुदळ घेऊन आमचे घरमालक अप्पा, तेलाचे व्यापारी. त्यांच्यामागे अख्खी गल्ली. शेजारची गंगव्वा म्हातारी तर हळद कालवून वाटी हातात घेऊनच आली होती.

“मास्तर, गल्लीला बेडूक पायजे,” अप्पा म्हणाले. “लग्न लावायचं हाय. तुमच्या रांजणात हाय हाय म्हून इतकी वर्सं सांगताय की.”

“आहे!”

“मग काढा.”

“काढायचा नाही!”

“म्हंजे न्हाईच,” गंगव्वा म्हणाली.

“आहे!”

“आसंल तर दावा.”

“दाखवायचा नाही!”

मी जिन्यात उभा होतो. मला काही कळत नव्हतं. आज इतकी वर्षं झाली, तरी त्या प्रकरणातलं निम्मं मला कळलेलं नाही. जे कळलं ते सांगतो. जे नाही कळलं ते थोडं वाढवून सांगतो, म्हणजे तुम्हाला पोकळी जाणवणार नाही.

सोलापुरात शुक्रवार पेठेत अप्पांच्या घरात वरच्या दोन खोल्या भाड्यानं दिलेल्या होत्या. एकीत मी, दुसरीत मास्तर. मी शाळेत गणित शिकवायचो, त्यामुळे माझा आकड्यांवर विश्वास नव्हता. मास्तर चित्रकला शिकवायचे आणि त्यांचा डोळ्यांवर विश्वास नव्हता. तेव्हाच्या उन्हाळ्याचं काय सांगू? मिलचा भोंगा वाजला की त्याचा आवाज पेठेपर्यंत येता येता वाळून जायचा आणि आमच्या कानात नुसता भुगा पडायचा. असल्या गावात, असल्या मातीत, एका फुटक्या रांजणात जिवंत बेडूक झोपलाय, असं हा गृहस्थ चारचौघांत छातीवर हात ठेवून सांगायचा.

मास्तर अक्कलकोटच्या बाजूचे. घरी कानडी, शाळेत पुस्तकी मराठी, आणि राग आला की दोन्हींचं कालवण. अंगानं बुटके, पोट गरगरीत, डोकं एवढंसं, मान देवानं घडवायचीच विसरलेली. आता रांजणातला तो प्राणी मास्तरांसारखा होता, की इतकी वर्षं त्याच्याशेजारी बसून मास्तरच त्याच्यासारखे झाले होते, हा हिशेब मला कधी सुटला नाही.

त्या बेडकाविषयी विचारलं की मास्तर सुरूच व्हायचे.

“साधा बेडूक नव्हे तो. साधा बेडूक उडी मारतो. ह्याच्या मागच्या दोन्ही टाचांना एकेक खुरपं असतं, जन्मतःच. पाऊस संपला की हा जागच्या जागी बसतो, टाचा हलवतो आणि मागं मागं जमिनीत उतरतो. तोंड वर, बूड खाली. पुढच्या पावसापर्यंत दर्शन नाही.”

“आणि तोवर पाणी?”

“पोटात भरून नेतो. आपण प्रवासाला फिरकीचा तांब्या नेतो तसं.”

“खाणं?”

“वर असेल तेव्हा वाळवी. तोंड केवढंसं! त्यात दुसरं मावणार काय?”

“आणि साप आला तर?”

“फुगतो!” असं म्हणून मास्तर स्वतःच गाल फुगवायचे, पोट फुगवायचे, आणि सदऱ्याचं बटण तटकन उडायचं. “सापाचा जबडाच पुरत नाही. शिवाय अंगाला डिंकासारखा चिकट रस सुटतो. गिळणाऱ्याला पस्तावा होतो.”

गंगव्वा हे सगळं निवांत ऐकायची आणि म्हणायची, “देवानं खुरपं दिलं, आन् शेत न्हाई दिलं व्हय त्येला?”

रांजण उकरायचा नाही, हा मास्तरांचा धर्म. “झोपलेल्या माणसाची चादर ओढून तो जिवंत आहे का बघतं का कुणी?” ते विचारायचे. तो पावसाळ्यात वर येतो म्हणून मी दरवर्षी वाट बघायचो. एका साली मी बार्शीला बहिणीकडे गेलो, तेव्हा तो वर आला. एका साली मी न्हाणीघरात होतो, तेव्हा आला. एकदा तर मी रांजणापाशीच ठाण मांडून बसलो. शिंक आली, डोळे मिटले, उघडले, तर मास्तर गहिवरून म्हणाले, “बघितलात ना?”

आणि चालणं! कुठूनही निघताना मास्तर उलटे निघायचे. वर्गातून उलटे, देवळातून उलटे, जिना तर कायम उलटा उतरायचे. “जाताना तोंड जगाकडे पाहिजे,” हे त्यांचं वचन. हेडमास्तरांच्या खोलीतूनही ते पाठीनं दार शोधत बाहेर पडायचे. हेडमास्तरांना वाटायचं, काय ही आदब! बाकी आम्ही शिक्षक सरळ निघायचो, त्यामुळे आम्हीच उर्मट ठरलो.

एकदा शाळा तपासायला डिपुटी आले. मास्तरांच्या वर्गात सगळ्या पोरांनी रांजण काढलेला.

“हे काय? सगळ्यांनी रांजणच काढलाय?”

“नाही साहेब, बेडूक काढलाय.”

“बेडूक कुठं आहे?”

“आत आहे.”

डिपुटींनी एक कागद उजेडाला धरला. मग उलटा करून बघितला. दुसऱ्या पोराचा घेतला, तोही उजेडाला धरला. शेवटी कपाळावरचा घाम पुसून “ह्याचा जरा बरा आलाय” असं म्हणाले आणि चहाला गेले.

तर ज्या सालाचं सांगतोय त्या साली मृग कोरडा गेला, आर्द्रा कोरड्या गेल्या, पंचमीला झोके बांधले तर दोराची धूळ डोळ्यांत. गल्लीच्या आडात पाणी असं उरलंच नव्हतं. बायका आत माणूस उतरवून तांब्यानं खरवडून पाणी काढायच्या. बेडूकबेडकीचं लग्न लावलं की पाऊस येतो, हे आमच्या गल्लीला कुणी सांगायला नको होतं. प्रश्न एकच, बेडूक आणायचा कुठून? विहिरी आटल्या, तळ्याचं खडकाळ बूड दिसलं, बेडकांनी गाव सोडलं. अप्पांच्या मेव्हण्यानं केम गावाहून निरोप धाडला, की आमच्या मळ्याच्या विहिरीत एक बेडकी हाय, नवरी आमच्याकडनं. म्हणजे नवरी ठरली. नवरा मात्र साऱ्या सोलापुरात एकच, तोही मास्तरांच्या रांजणात. तोही असला तर.

म्हणून ती कुदळ.

मी जिन्यातून खाली आलो आणि उगीच मध्यस्थाचा आव आणून म्हणालो, “मास्तर, न उकरता तो वर येणारच नाही का?”

मास्तरांनी विचार केला. “येईल. पाऊस आला तर.”

अप्पांनी कुदळ टेकवली. “पाऊस यावा म्हून बेडूक पायजे, आन् बेडूक यावा म्हून पाऊस पायजे. मास्तर, तुमी आमाला येडं करताय काय?”

खरं म्हणजे सगळेच येडे झाले होते. मग मास्तरच हळूच म्हणाले, “पाऊस आलाच पाहिजे असं नाही. आला, असं त्याला वाटलं पाहिजे.”

पण लगेच त्यांचा चेहरा पडला. मला बाजूला घेऊन ते म्हणाले, “मी तो आमच्या शेतातनं आणलाय. शेत गेलं, घर गेलं, माणसं तर आधीच गेली. गावाकडचं माझं असं आता एवढंच आहे. दिला आणि परत नाही मिळाला तर?”

हे अप्पांनी ऐकलं. तेलाचा व्यापारी, पण मन साजूक तुपाचं. त्यांनी गळ्यातल्या इष्टलिंगावर हात ठेवला. “अक्षता पडल्या की नवरदेव तुमच्या रांजणात. आण घेतो.”

मग आमच्या परसात जो पाऊस पडला तसा मी पुन्हा पाहिला नाही. घरटी एक कळशी पाणी आलं. प्यायचं पाणी, बरं का! बायका कळशी देताना असं बघायच्या की जणू पोरगी सासरी धाडतायत. गंगव्वा चाळणीतून पाणी सोडू लागली, थेंब थेंब, रांजणाभोवती आणि रांजणात. अप्पांचे गडी तेलाचे रिकामे डबे बडवू लागले, तो ढगांचा गडगडाट. पोरं सुपांत जोंधळे पाखडू लागली, त्या सरी. मी दोन पत्रे एकमेकांवर आपटत होतो, ती वीज. आवाज एवढा झाला की पलीकडच्या गल्लीतल्या लोकांनी घाईघाईनं माळवदावरची वाळवणं उचलली आणि पन्हाळीखाली घागरी लावल्या. मास्तर रांजणाच्या कडेला ओणवे होऊन रेडकासारखा आवाज काढत होते, आणि मधेच कानडीत म्हणत होते, “बन्नी, बन्नी.” म्हणजे या, या. बेडकाला अहोजाहो!

पाणी संपत आलं. गंगव्वानं चाळण झटकली. “झालं,” ती म्हणाली. “आता संध्याकाळी काय प्यायचं ते मास्तरालाच इचारा.”

आणि माती हलली.

मी शिंक दाबून धरली. माती फुगली, तडकली, आणि तिच्यातून एक पिवळसर, काळ्या ठिपक्यांचा, ओला चेंडू वर आला. त्या चेंडूला पुढच्या बाजूला एक छोटंसं चिडकं तोंड होतं. झोपमोड झालेल्या मामलेदारासारखा त्यानं सगळ्या गल्लीकडे बघितलं. मास्तरांनी ओंजळ धरली. तो ओंजळीत बसला आणि नारळाएवढा फुगला. लोक म्हणतात लिंबाएवढा. लोकांचं काय ऐकायचं?

“आगं बाई,” गंगव्वा म्हणाली, “ह्यो तर खराच हाय!” आणि मग लगेच, “नवरा का नवरी?”

“गळा काळा आहे,” मास्तर म्हणाले. “नवरा.”

नवरी दुसऱ्या दिवशी दुपारी रेल्वेनं आली. ओल्या फडक्यानं तोंड बांधलेल्या तांब्यात. तिकीट तपासणाऱ्यानं अप्पांच्या मेव्हण्याला विचारलं म्हणे, तांब्यात काय हाय? मेव्हण्यानं सांगितलं, नवरी हाय. तपासणारा पुढच्या डब्यात गेला तो परत आलाच नाही. नवरी उंचपुरी, हिरवी, लांब पायांची. नवरदेव तिच्या गुडघ्याला लागत होता. पण गल्लीत असली जोडपी आधीही नांदत होती, त्यामुळे कुणी काही बोललं नाही.

घोटाळा केला तो आदरातिथ्यानं. नवरदेवाला वाळवी आवडते, हे मास्तरांनीच गंगव्वाच्या डोक्यात इतकी वर्षं भरवलेलं. म्हातारीनं मनावर घेतलं. नवरदेवाचा मान म्हणून अप्पांच्या दुकानासमोर, भर रस्त्यात, तिनं बोहलं घालायला लावलं ते वारुळाच्या मातीचं. पंचमीला पुजलेलं वारूळ, त्यातली माती, चाळलेली, शिंपडलेली, लोण्यासारखी मऊ. वर हळदीकुंकवाचं स्वस्तिक. असं बोहलं माझ्या लग्नातसुद्धा नव्हतं.

गोरज मुहूर्त. एका बाजूला केमकर नवरीचा तांब्या धरून. दुसऱ्या बाजूला मास्तर, अंगात कोट, नवरदेव हातानं बोहल्यावर बसवलेला. हळद लागली तेव्हा नवरदेव फुगला तो फुगलाच. अंगाला डिंक सुटला, डिंकाला अक्षता चिकटल्या, मुंडावळीचा दोरा चिकटला, आणि तो इतका सजला की नवरीच्या बाजूची माणसं जरा दबली. मध्ये अंतरपाट धरला. अय्यांनी, म्हणजे आमच्या जंगमस्वामींनी, मंत्र सुरू केले.

मी मास्तरांच्या बाजूला होतो. नवरदेवानं मागचे पाय जरासे हलवले. मला वाटलं, खाज सुटली असेल. मग तो थोडा बुटका झाला. मग आणखी बुटका झाला. मंत्र चालू, अक्षता पडतायत, आणि नवरदेव लोकांकडे तोंड करून, डोळा न मिटता, स्वस्तिकाच्या बरोबर मधोमध खाली चाललाय. आधी पोट गेलं. मग मुंडावळ्या गेल्या. शेवटी दोन डोळे उरले, त्यांनी अय्यांकडे एकदा बघितलं, आणि तेही गेले. मी मास्तरांकडे बघितलं. मास्तरांच्या डोळ्यांतून पाणी, आणि हात अक्षता टाकतोय.

ताशा वाजला. अंतरपाट खाली आला. इकडे नवरी, तिकडे माती.

“नवरा कुटं हाय?” केमचा मेव्हणा म्हणाला.

सगळ्यांनी एकमेकांची धोतरं झटकली. अप्पांनी पागोटं काढून बघितलं.

“मास्तर, तुमी हितंच हुता की!”

“होतो.”

“बघितलंत?”

“बघितलं.”

“मग बोलला का न्हाई?”

“अंतरपाट धरलेला होता,” मास्तर म्हणाले. “मध्ये बोलू नये.”

पुढची भानगड विचारू नका. लग्न लागलं की नाही लागलं? मेव्हणा म्हणाला, आमची पोर फसली. अय्या म्हणाले, अक्षता पडल्या, लग्न लागलं. नवरा कुठाय? असेल तिथं आहे. वरात काढायची तर कुणाची? कुणीतरी म्हणालं, बोहलं उकरा. त्यावर गंगव्वा, कालपर्यंत हळद घेऊन रांजण उकरायला निघालेली गंगव्वा, बोहल्यावर हात पसरून उभी राहिली. “लागलेल्या लग्नाचं बोहलं उकरतंय व्हय कुणी? पाऊस जाईल की!” आणि गंमत बघा, उकरू नका म्हणणारे तेव्हा अख्खी गल्ली, आणि उकरू का, उकरू का, असं पुटपुटत बोहल्याभोवती घिरट्या घालणारे एकटे मास्तर. कोण कुठल्या बाजूला आहे हेच मला कळेना. नवरीला शेवटी गल्लीच्या आडात, तळाशी ओल होती तेवढ्यात सोडलं. ती मजेत होती.

मास्तरांना आता एकच रस्ता होता. पुन्हा पाणी, पुन्हा डबे, पुन्हा “बन्नी, बन्नी.” कळशी घेऊन ते दारोदार गेले. पण एकदा पाणी देणं ही हौस असते, दुसऱ्यांदा देणं म्हणजे तहान. दारं लागू लागली. गंगव्वा तेवढी दारात उभी राहून म्हणाली, “मास्तर, माझ्या नातवंडास्नी घालू का तुमच्या नवरदेवाला घालू?” मास्तरांनी कळशी पालथी केली आणि घरी आले. सरळ चालत आले. मी चरकलो. दुसऱ्या दिवशी वर्गातून बाहेर पडले तेही सरळ, पाठ पोरांकडे. पोरांनी पहिल्यांदाच त्यांची पाठ बघितली. हेडमास्तरांनी मला बोलावून विचारलं, मास्तर रागावलेत का?

संध्याकाळी ते ना रांजणापाशी बसायचे, ना बोहल्यापाशी. दोन्हींच्या मध्ये, अप्पांच्या बोळात एक पोतं टाकून बसायचे. जेवण सुटलं. पोट उतरलं. अप्पा येता जाता मान खाली घालायचे. एकदा माझ्यापाशी म्हणाले, “लिंगावर हात ठिवून बोललोय हो मी. तेल इकताना बी हात ठिवत न्हाई कदी.” भर रस्त्यातलं ते बोहलं कुणी हलवलं नाही. टांगे त्याला वळसा घालून जात. टांगेवाले विचारत, हे काय? गल्लीतली पोरं सांगत, आत नवरदेव आहे. टांगेवाले माना डोलवत आणि पुढे जात. सोलापुरात माणूस फार विचारत नाही.

पाऊस आला तो उत्तरा नक्षत्रात, भरदुपारी. लग्नानं आला असं गल्ली म्हणते. उत्तरा सोलापूरला बरसतातच असं मी म्हणतो, पण हळू म्हणतो. गंगव्वा दारातून ओरडली, “मास्तर! बोहलं इरघळाय लागलं!” मास्तर भिजत रस्त्यात आले. आम्ही सगळे आलो. बोहल्याची माती पाझरली, खचली, आणि तिच्यातून तसाच एक चेंडू वर आला. हळद धुऊन गेलेली. मास्तरांनी ओंजळ पुढे केली. तेवढ्यात त्याच मातीतून दुसरा आला. मग तिसरा, आणि पहिला कुठला तेच कुणाला कळेना.

मग अप्पांच्या दुकानाच्या पायरीखालून एक. घाण्याच्या बुडाशी दोन. माझ्या चपलेखालची माती हलली, मी उडी मारली, तिथून एक. गंगव्वाच्या चुलीमागून तर, तिच्या शब्दांत, वऱ्हाडच निघालं. साऱ्या गल्लीच्या पोटातून गोळेच गोळे वर येत होते, फुगलेले, ठिपक्यांचे, चिडके, आणि सगळे मिळून रेडकांच्या कळपासारखे ओरडत होते. इतकी वर्षं आम्ही ह्यांच्या डोक्यावर जेवलो, झोपलो, भांडलो, आणि एका बेडकासाठी मास्तरांच्या रांजणावर कुदळ नेली!

लोकांनी सुपं आणली. जो तो आपल्या दारातला गोळा उचलून मास्तरांपुढे धरू लागला. “मास्तर, ह्यो बघा.” “मास्तर, ह्येचा गळा काळा हाय.” “मास्तर, ह्यो तुमच्याकडं बघतोय की!” मास्तर प्रत्येकापुढे वाकायचे, नाक जवळ न्यायचे, “बन्नी” म्हणायचे. प्रत्येक जण फुगायचा.

शेवटी अप्पांनी सगळी सुपं एका मोठ्या पाटीत रिकामी केली आणि डोक्यावर पावसाचं पोतं घेऊन ती स्वतः मास्तरांपुढे धरली.

“मास्तर, वाईच नीट बघून सांगा. ह्यातला तुमचा कुठला?”

मास्तर पाटीत खूप वेळ बघत राहिले.

“कळत नाही,” ते म्हणाले. “सगळे तसलेच आहेत.”